"फौजेत जाऊ दे, पण बॉर्डरवर नको": सपोर्ट ट्रेड निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण खरं आहे. मुलाचं नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्याला योगेश म्हणू. मी लष्कराच्या वैद्यकीय कोअरमधून, म्हणजे एएमसीतून, निवृत्त झालो. नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो आणि जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, होऊन बाहेर पडलो. भरतीची तयारी करणारी मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे विचारायला येतात. योगेश आला तो जानेवारी २०२४ मध्ये, आई आणि मामासोबत.

मुलाला नुकतीच एकोणीस पूर्ण झाली होती. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत बायो आणि गणित दोन्ही घेतलेलं. एकूण ६६ टक्के, इंग्रजीत ५८, गणितात ५४. उंची १६९ सेंटीमीटर. १.६ किलोमीटर धावायला त्याला ५ मिनिटं ३८ सेकंद लागत होती. मामा इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वडील ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. धाकटी बहीण दहावीत.

बसल्याबसल्या आई बोलल्या, "सर, फौजेत जाऊ दे, माझी ना नाही. पण बॉर्डरवर नको. ते ऑफिसातलं नाहीतर दवाखान्यातलं काहीतरी बघा."

अडचण

वरवर पाहता प्रश्न एवढाच होता, की कुठल्या ट्रेडचा, म्हणजे कामाच्या प्रकाराचा, फॉर्म भरायचा. प्रत्यक्षात एकाच घरात तीन वेगळ्या मागण्या होत्या. आईला मुलगा सुरक्षित हवा होता. मामांना त्याने जीडी, म्हणजे जनरल ड्यूटीचा जवान, व्हावं असं वाटत होतं, कारण त्यांच्या मते खरा जवान तोच आणि बाकीचे मदतनीस. योगेशला मात्र वर्दी मिळाली म्हणजे झालं. कामाचा विचार त्याने केलाच नव्हता. "तुला दिवसभर काय करायला आवडेल?" असं विचारल्यावर तो मामांकडे पाहायला लागला.

त्यात त्या वर्षी ट्रेडच्या एकाच प्रवर्गासाठी अर्ज करता येत होता. नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होती आणि लेखी परीक्षा, म्हणजे सीईई, एप्रिलच्या शेवटी. चुकीचा खाना भरला की वर्ष गेलं.

वयाचं गणितही सोपं नव्हतं. अग्निवीरसाठी, म्हणजे चार वर्षांच्या भरतीसाठी, तेव्हा साडेसतरा ते एकवीस आणि नर्सिंग असिस्टंटसाठी साडेसतरा ते तेवीस. १ ऑक्टोबर २०२४ ला योगेश १९ वर्षं १० महिन्यांचा होणार होता. म्हणजे अग्निवीरसाठी त्याच्याकडे दोन फेऱ्या होत्या आणि नर्सिंग असिस्टंटसाठी चार.

समोरचे पर्याय

अग्निवीर जीडीसाठी आपल्याकडे १६८ सेंटीमीटर उंची लागते, त्यामुळे तो बसत होता. पण त्या वेळच्या नियमाप्रमाणे ५:३० च्या आत पळणाऱ्याला ६० गुण आणि ५:४५ पर्यंत पळणाऱ्याला ४८. जीडीत मैदानावरच्या गुणांना किंमत असते आणि १२ गुणांचा फरक मोठा. आठ सेकंद कमी करणं अशक्य नव्हतं, पण आई तयार नव्हत्या आणि मुलालाही ओढ नव्हती. हा पर्याय मामांखेरीज कोणी लावून धरला नाही.

ट्रेड्समनचा विचार केला नाही. स्वयंपाकी, धोबी, ड्रेसर (न्हावी), हाउसकीपर या ट्रेडांशिवाय कुठलीही पलटण एक आठवडाही चालत नाही, माझ्या मनात त्यांच्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण ती भरती आठवी-दहावीच्या पात्रतेवर होते, आणि योगेशची बारावी तिथे कामाची नव्हती. अग्निवीर टेक्निकललाही तो पात्र होता, मात्र यंत्रांत त्याला रस नव्हता.

उरले दोन. पहिला अग्निवीर क्लार्क किंवा स्टोअरकीपर टेक्निकल, ज्याला मुलं "क्लार्क-एसकेटी" म्हणतात. बारावीला एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५० टक्के, आणि इंग्रजीबरोबर गणित किंवा अकाउंट्स हवंच. योगेश जेमतेम पण स्वच्छ पात्र होता. परीक्षेचे दोन भाग असतात. दोन्हींत किमान ३२ आणि एकूण ८० गुण लागतात. दुसरा भाग पूर्ण इंग्रजीचा. त्याच वर्षापासून टायपिंगची चाचणीही आली होती.

दुसरा सोल्जर टेक्निकल, नर्सिंग असिस्टंट. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी, एकूण ५० आणि प्रत्येक विषयात ४० टक्के. ही भरती अग्निपथ योजनेत येत नाही, ती जुन्यासारखी नियमित भरती आहे. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं, आणि योगेशच्या घरालाही नव्हतं.

या फरकाचा हिशेब मी आईंसमोर कागदावर मांडला. अग्निवीरला पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये. त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी पगार ४०,००० आणि हातात २८,०००. चार वर्षांनी सरकारच्या वाट्यासह आणि व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. बाकीच्यांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के आरक्षण गृह मंत्रालयाने २०२२ मध्ये जाहीर केलं होतं. पण पहिल्या तुकडीची चार वर्षं तेव्हा अजून पुरी व्हायची होती. बाहेर पडलेल्या मुलाचं पुढे प्रत्यक्षात काय होतं, हे सांगायला एकही माणूस हाताशी नव्हता. नर्सिंग असिस्टंटला मात्र १५ वर्षांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क. जागा फार थोड्या, ही त्याची दुसरी बाजू.

पहिला निर्णय: आईंना काय सांगायचं

इथे मी बराच वेळ दिला. आज वाटतं, आणखी द्यायला हवा होता.

"दवाखान्यातलं काम" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठ्या शहरातलं लष्करी रुग्णालय येतं. तिथेही नर्सिंग असिस्टंट असतातच. पण प्रत्येक पलटणीसोबत एक रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर असतो आणि त्याच्या हाताखाली नर्सिंग असिस्टंट. पलटण जिथे जाते तिथे त्यांचा रेजिमेंटल एड पोस्ट, म्हणजे प्रथमोपचाराचा तळ, जातो. जखमी जवानापर्यंत सगळ्यात आधी तेच पोहोचतात. रक्त थांबवायचं, सलाईन लावायचं, मागच्या फील्ड हॉस्पिटलपर्यंत त्याला जिवंत ठेवायचं. १९९९ च्या कारगिल युद्धात १८ ग्रेनेडियर्सच्या मेडिकल ऑफिसरला वीरचक्र मिळालं. १९५० मध्ये कोरियाला गेलेली आपली तुकडी लढाऊ नव्हती, ती ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, म्हणजे पॅराशूटने उतरणारं वैद्यकीय पथक, होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना महावीरचक्र मिळालं, आणि १९५१ मध्ये त्यांच्या लोकांनी अमेरिकी सैनिकांबरोबर पॅराशूटने उडी घेतली. याच युनिटचे ९९ जण २०२३ मध्ये भूकंपानंतर तुर्कस्तानात इस्पितळ उभारायला गेले.

क्लार्कचंही तसंच. बटालियन हेडक्वार्टर उंचावर गेलं की क्लार्कही तिथेच. सुट्टीचे कागद, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या लग्नासारख्या नोंदी), मूव्ह ऑर्डर तो बंकरमध्ये बसून करतो.

हे सगळं मी आईंना सांगितलं. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला करायचा नसतो, हे सांगितलं. दहशतवादी हा करार वाचून गोळी चालवत नाही, हेही सांगितलं. नर्सिंग असिस्टंटला रायफल शिकवतात, कारण स्वतःचं आणि रुग्णाचं रक्षण त्याने करायचं असतं.

आई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बॉर्डर टळत नाही."

"टळत नाही, ताई. काम बदलतं."

मामांनी मला नंतर बाजूला घेतलं. "एवढं कशाला सांगितलंत? बाई घाबरली ना." मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. मुलगा पहिल्या पोस्टिंगला वर गेल्यावर आईला हे कळलं असतं, तर तिने माझ्यावर नाही, मुलावर अविश्वास धरला असता. प्रत्येक फोनवर मुलाला खोटं बोलावं लागलं असतं.

दुसरा निर्णय: हे काम याला पेलेल का

माझी अडचण अशी की मी त्याच ट्रेडचा. माझ्या बोलण्यात त्या कामाबद्दलचं प्रेम येणारच. म्हणून योगेशला मी निवृत्त क्लार्क-सुभेदार असलेल्या एका मित्राकडे पाठवलं आणि मित्राला सांगितलं, माझ्याविरुद्ध बोलायला संकोच करू नकोस. त्याने दोन तास बसवून घेतलं. क्लार्कची चूक कशी दिसते ते दाखवलं: जवानाच्या लग्नाची नोंद वेळेवर झाली नाही, तर पुढे तो शहीद झाल्यावर बायकोचा हक्क अडकून राहतो. योगेश परत आला तो प्रभावित होऊन. म्हणाला, "सर, मला वाटलं होतं नुसतं टायपिंग असतं."

मग नर्सिंग असिस्टंटच्या दिवसाबद्दल मी सांगितलं, आणि मुद्दाम कंटाळवाणं तेच आधी. बहुतेक दिवस गोळ्या चालत नाहीत. सकाळी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या छोट्या दवाखान्यात, सिक रिपोर्ट: आजारी जवानांची तपासणी. पायाचे फोड, खोकला, पोटदुखी. औषधांचा साठा मोजायचा, मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढायच्या, रजिस्टर भरायचं. पाण्याच्या टाकीतलं क्लोरीन तपासायचं. डासांच्या अळ्या शोधत फिरायचं. उंचावर जाणाऱ्या जवानांचं अॅक्लिमटायझेशन, म्हणजे विरळ हवेला सरावणं, बघायचं: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांत चार-चार दिवस. चौथ्या दिवशी एखादा धडधाकट पोरगा "मला काही होत नाही" म्हणतो आणि रात्री त्याच्या फुप्फुसात पाणी भरायला लागतं. ते आधी ओळखायचं असतं. उलटी पुसायची, बेडपॅन उचलायचं, मेलेल्या माणसाचे डोळे मिटायचे.

योगेश म्हणाला, "आजोबांना पॅरालिसिस झाला तेव्हा दीड वर्ष मीच करत होतो. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या धुवायचो."

हे त्याने आधी का सांगितलं नाही? कारण कोणी विचारलंच नव्हतं. घरात त्या दीड वर्षाला कोणी काम समजत नव्हतं. माझ्या मते या प्रकरणाचा काटा इथे फिरला. तरीही घरच्या माणसाची सेवा वेगळी आणि अनोळखी माणसाची वेगळी. ओळखीतून परवानगी काढून मी त्याला दहा दिवस एका रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूममध्ये नुसतं बसवलं. कशाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. तिसऱ्या दिवशी भाजलेली बाई आली, तेव्हा त्याला भोवळ आली. तो बाहेर जाऊन बसला, पाणी प्यायला आणि परत आत गेला. भोवळ मलाही पहिल्यांदा आली होती. तो परत आत गेला, हे मी बघत होतो.

तिसरा निर्णय: आधी काय आणि नंतर काय

मामांचा मुद्दा इथे बिनतोड होता. म्हणाले, "अग्निवीरचं दार एकविसाव्या वर्षी बंद होतं, नर्सिंगचं तेविसाव्या वर्षी. जे दार आधी बंद होतं ते आधी ठोठावा."

हिशेबाने बरोबर. पण क्लार्क म्हणून निवड झाली असती, तर चार वर्षांनी बाहेर पडताना तो तेवीस ओलांडून गेला असता. म्हणजे क्लार्क "आधी करून बघू" म्हणण्यासारखा नव्हता. तो मिळाला की दुसरं दार बंदच. योगेशचा कल आता स्पष्ट होता. त्याने नर्सिंग असिस्टंटचा फॉर्म भरला. आईंनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. परीक्षेच्या फीचे २५० रुपये त्यांनीच दिले.

काय घडलं

२०२४ च्या फेरीत सीईईत तो पास झाला. मैदान ५:४१ मध्ये निघालं. वैद्यकीय तपासणीत मात्र टेम्पररी अनफिट. कारण ऐकून मला स्वतःचा राग आला: दोन्ही कानांत मळ साचला होता आणि पडदा दिसत नव्हता. कान साफ करून ठरलेल्या मुदतीत लष्करी रुग्णालयात फेरतपासणी झाली, फिट ठरला. पण ते दिवस घरात कोणी जेवलं नाही.

अंतिम मेरिट यादीत नाव आलं नाही. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात, हे माहीत असून त्याने शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजाने बरीच उत्तरं दिली होती. पास व्हायला ते गुण पुरले, मेरिटला पुरले नाहीत.

पुढचे चार महिने वाईट गेले. मामा बोलले, "जीडी भरला असता तर आज ट्रेनिंगला असता." योगेश धावायला जायचा बंद झाला. माझ्याकडेही येईना. मी दोनदा फोन केला, मग सोडून दिलं. ते सोडून द्यायला नको होतं. शेवटी त्याची आई आली. म्हणाली, "सर, पोरगा कोणाचा बीपी घेताना बघितलाय का तुम्ही? शेजारच्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन बघतो. त्याला परत बसवा."

२०२५ च्या फेरीत नियम बदलले होते. पात्रतेनुसार दोन प्रवर्गांसाठी अर्ज करायची मुभा आली. मैदानाची वेळही ६:१५ पर्यंत वाढली. अग्निवीरसाठी ही त्याची शेवटची फेरी होती. क्लार्कचाही फॉर्म भर असं मी सुचवलं. त्याने नाही म्हटलं, इंग्रजी आणि टायपिंगमध्ये वेळ गेला तर बायो-केमिस्ट्री कच्ची राहील म्हणून. मी आग्रह धरला नाही. परीक्षा जून-जुलैत झाली. या वेळी त्याने खात्री नसलेले प्रश्न कोरे सोडले.

निकाल

यादीत नाव आलं. सध्या तो लखनौच्या एएमसी सेंटरमध्ये आहे. आधी सगळ्यांसारखं मिलिटरी ट्रेनिंग, मग ट्रेडचं. फोनवर म्हणाला, रायफल उघडून जोडायला त्याला मजा येते आणि सुई टोचताना हात अजून थरथरतो. मामांनी त्याला स्वतःचं जुनं घड्याळ दिलं आहे.

आज वेगळं काय केलं असतं

कान, नाक, दात, डोळे, फॉर्म भरायच्या आधी तपासून घेतले असते. एएमसीत आयुष्य काढलेल्या माणसाकडून हे सुटावं, याला माझ्याकडे उत्तर नाही. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी कानाच्या डॉक्टरकडे पाठवतो.

२०२५ मध्ये दुसरा फॉर्म भरायलाच लावला असता. योगेशचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण थोड्या जागांच्या एकाच यादीवर सगळं टांगून ठेवणं धोक्याचं होतं. निकाल चांगला लागला म्हणून तो निर्णय चांगला ठरत नाही.

मधलं वर्ष रिकामं जाऊ दिलं नसतं. बीएस्सीला किंवा एखाद्या पॅरामेडिकल कोर्सला प्रवेश घेऊन तयारी करता आली असती. यादीत नाव आलं नसतं, तर एकविसाव्या वर्षी त्याच्या हातात बारावीच्या गुणपत्रिकेशिवाय काही नव्हतं.

एक गोष्ट मी त्या कागदावर लिहिलीच नव्हती. नर्सिंग असिस्टंट म्हणजे नोंदणीकृत नर्स नव्हे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस ही वेगळी सेवा आहे आणि तिथे नर्स अधिकारी दर्जावर असतात. नर्सिंग असिस्टंट निवृत्त होऊन बाहेर आला की हातातलं कौशल्य खरं असतं, पण नागरी रुग्णालय आधी नोंदणी विचारतं. मी स्वतः त्या दारातून परत फिरलो आहे. पेन्शनचा हिशेब मांडताना ते सांगायचं राहिलं, कदाचित मला सांगायचं नव्हतं. गेल्या महिन्यात योगेशला फोनवर सगळं सांगितलं: सेवेत असताना जो कोर्स मिळेल तो कर, पदवी पूर्ण कर, प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत घरी पाठव. त्याने विचारलं, "सर, हे आधी कळलं असतं तर मी क्लार्क भरला असता का?" मी म्हटलं, तुलाच ठाऊक. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, नसता भरला, पण विचार केला असता.